मोझांबिकची मोडलेली इस्पितळे

दिनांक ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम नगरीत मोझांबिकचे अध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामो या बंडखोर संघटनेचे पुढारी अफोन्सो धलाकामा यांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या. पंधरा-सोळा वर्षे चाललेले यादवी युद्ध संपले. या युद्धात उपासमार व रोगराई धरून सुमारे दहा लाख माणसे दगावली, असे मानले जाते. सतरा लाखांच्या आसपास लोक शेजारच्या देशांत आश्रयास गेले होते. त्यांतील दहा लाखांहून अधिक एकट्या मलावीत होते. देशांतल्या देशांत घरदार सोडून भटकणाऱ्यांची संख्या त्याहूनही मोठी होती. ही सारी माणसे आता गावी परतू लागली. परंतु गावातील दवाखाना बहुधा जागेवर नव्हता. लहान आरोग्यकेंद्रांपैकी निम्म्याच्या आसपास केंद्रे जळाली, लुटली गेली अथवा बंद पडली होती. कोठे भिंती उभ्या होत्या तर छप्पर नव्हते, आणि वाटेवर सुरुंग पेरलेले होते.

हा नाश अपघाताने झाला नव्हता. तो ध्यानी येण्यास थोडे मागे जावयास हवे.

पोर्तुगिजांच्या अमदानीत मोझांबिकमध्ये डॉक्टर होते, पण ते मुख्यतः लोरेन्सो मार्किश, म्हणजे आजचे मापुटो, आणि बैरा या शहरांत. खेड्यातील आफ्रिकी मनुष्याला डॉक्टर दिसणे दुरापास्त होते. या वैद्यकसेवेत गोव्याचाही वाटा होता. पणजीच्या वैद्यकशाळेची रीतसर स्थापना १८४२ मधली. तेथून शिकून निघालेले कित्येक गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेत नोकरीस गेले, आणि लिस्बनच्या पदवीधरांच्या हाताखाली दुय्यम मानाने त्यांनी दूरदूरच्या ठाण्यांवर वर्षे काढली.

२५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. पोर्तुगीज वस्ती जवळजवळ सारीच निघून गेली आणि तिच्याबरोबर डॉक्टरही गेले. पाचशेच्या आसपास असलेली त्यांची संख्या शंभराच्या खाली आली. अशा वेळी राष्ट्राच्या अध्यक्षपदी आलेले सामोरा माशेल हे स्वतः पूर्वी इस्पितळातील परिचारक होते, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हणावा लागेल. मिगेल बोंबार्दा इस्पितळात गोऱ्या रोग्याला एक वागणूक व काळ्याला दुसरी, हे त्यांनी नोकरीत असतानाच पाहिले होते. स्वातंत्र्यानंतर महिनाभरातच, २४ जुलै १९७५ रोजी, वैद्यकीय व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्याच वर्षी देवी, गोवर व क्षय यांविरुद्ध लसीकरणाची देशव्यापी मोहीम निघाली. १९७८ पासून गावोगावच्या निवडक माणसांना थोडक्यात शिकवून आरोग्यसेवक म्हणून परत गावी धाडण्यास सुरुवात झाली. अल्मा आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा त्याच वर्षी काढला. मोझांबिकने ती वाट आधीच धरली होती.

युद्धात नेमका याच गोष्टींवर घाला पडला. रेनामोला प्रथम ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीने, आणि १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने पोसले. खेड्यात सरकार म्हणजे काय, तर शाळा आणि दवाखाना. ती दोन्ही मोडली की सरकार नाहीसे झाले, हा सरळ हिशेब होता. परिचारिकांना पळवून नेण्यात आले, औषधे लुटली गेली, रुग्णवाहिका जाळण्यात आल्या. सरकारची बाजू निर्मळ होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. लोकांना सक्तीने सामुदायिक वस्त्यांत हलविण्याच्या तिच्या धोरणाने खेडूत दुखावले होते, आणि बंडखोरांना काही प्रांतांत जो आश्रय मिळाला त्याचे एक कारण तेही होते. पण दवाखाने जाळण्याचे पाप त्याने हलके होत नाही.

शांतता आल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा : जे होते तसेच पुन्हा बांधावयाचे काय? वरकरणी उत्तर सोपे वाटते. तथापि आरोग्यखात्यातील जाणत्यांनी युद्ध चालू असतानाच त्याचा विचार आरंभिला होता. अब्दुल रझाक नूरमहमद आणि माल्कम सीगल या दोघांनी या युद्धोत्तर धोरणावर लिहिलेला प्रबंध जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. इमारत एकदा बांधून होते. परिचारिकेचा पगार, औषधे व रॉकेल यांचा खर्च मात्र दरसाल येतो. परदेशी देणगीदार इमारतीला आनंदाने पैसे देतात, कोनशिलेवर नावही कोरतात; दहा वर्षांनंतरच्या पगाराला कोणी देत नाही. म्हणून देशाला पुढे चालविता येईल तेवढेच उभारावे, आणि नुसती माणसे वाढविण्यापेक्षा असलेल्यांना अधिक शिकवावे, असा या विचाराचा रोख होता. गावी परतणारे लोक नेमके कोठे वस्ती करतील हेही कोणास ठाऊक नव्हते. जुन्या जागी घाईने बांधलेला दवाखाना ओसाड रानात उभा राहण्याचा धोका होता.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. रेनामोच्या ताब्यातील मुलखात सरकारी परिचारिकेने जावे कसे? तेथेही जखमा बांधणारी, बाळंतपणे करणारी माणसे होती, पण त्यांच्यापाशी सरकारमान्य प्रमाणपत्र नव्हते. त्यांतील काहींना शिकवून सरकारी सेवेत सामावून घेण्यात आले. युद्धात आपले सहकारी गमावलेल्या मंडळींना हे सहजी पचले असेल, असे समजण्याचे कारण नाही. परंतु दवाखान्याच्या दारात बंडखोर व राजनिष्ठ असा भेद ठेवला असता तर शांतता कागदावरच राहिली असती.

आणि मग शस्त्रक्रियेची गोष्ट. ही गोष्ट मोझांबिकची स्वतःची आहे, आणि तिची थोरवी देशाबाहेर फारशी कोणी सांगत नाही. जिल्ह्याच्या गावी अडलेली बाळंतीण आली, तर पोट उघडून मूल काढणारा डॉक्टर तेथे नसे. डॉक्टर घडविण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि घडल्यावर तो राजधानी सोडीत नाही. तेव्हा १९८४ मध्ये, भर युद्धात, आरोग्यखात्याने अनुभवी परिचारक व वैद्यकीय साहाय्यक निवडून त्यांना तीन वर्षांचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला : दोन वर्षे मापुटोच्या मध्यवर्ती इस्पितळात आणि एक वर्ष प्रांताच्या इस्पितळात. या शस्त्रक्रिया-तंत्रज्ञांनी सिझेरियन करावे, गर्भाशयाची फूट सांभाळावी, गोळ्या-सुरुंगांच्या जखमा शिवाव्या. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती सुरी देणे हे अनेक देशांतील वैद्यकांना अब्रह्मण्यम् वाटले.

त्याची तपासणी झाली. मापुटोत ओळीने झालेल्या २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रियांची नोंद पाहण्यात आली. त्यांपैकी ९५८ या तंत्रज्ञांनी व १,११३ तज्ज्ञ डॉक्टरांनी केल्या होत्या. वरवरची जखम उकलण्याचे प्रमाण तंत्रज्ञांच्या हातून किंचित अधिक, एवढाच काय तो फरक निघाला. तो अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. पुढे २००२ सालच्या पाहणीत असे दिसले की, जिल्हा इस्पितळांतील प्रसूतीविषयक मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के हेच लोक करीत होते. सात वर्षांनी पाहिले तेव्हा जिल्ह्यांत नेमलेल्या तंत्रज्ञांपैकी जवळजवळ नऊदशांश तेथेच होते. त्यांच्या बरोबरीने नेमलेले डॉक्टर जवळजवळ सगळे निघून गेले होते. वरिष्ठ मंडळींनी या वर्गाला मान व वेतन देण्यात मात्र हात आखडता घेतला, ही त्या देशाच्या कौतुकाबरोबरच नोंदविण्याजोगी गोष्ट आहे.

शांततेबरोबर आले देणगीदार. हेतू चांगला, पण प्रत्येकाचा ध्वज वेगळा, हिशेबाची वही वेगळी. एकाने एक प्रांत घेतला, दुसऱ्याने दुसरा. कोणी केवळ लसीकरण, कोणी केवळ विहिरी. मानिका प्रांतात नव्वदीच्या दशकात काम केलेले अभ्यासक जेम्स फायफर यांनी याचे स्पष्ट चित्र रेखाटले आहे. १९८७ पासून चाललेल्या काटकसरीच्या आर्थिक धोरणाने सरकारी परिचारिकेचा पगार घरखर्चाला पुरेनासा झाला होता. परदेशी संस्था शिबिराच्या दिवसाला जो भत्ता देई, तो या पगाराच्या मानाने डोळ्यांत भरणारा असे. साहजिकच कर्मचाऱ्यांचे लक्ष दवाखान्यापेक्षा शिबिरांकडे लागले, आणि हुशार माणसे सरकारी खाते सोडून संस्थांच्या कचेऱ्यांत गेली. खाते मजबूत करावयास आलेल्यांनीच खात्याची माणसे उचलली. त्या परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. तिच्या चुलीचा हिशेब मांडला की जीभ अडखळते.

मे २००० मध्ये आरोग्यखाते व देणगीदार यांनी काया क्वांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आचारसंहितेवर सह्या केल्या. खात्याची योजना एकच, आणि मदत तिच्या चौकटीत, असे ठरले. पुढे अनेक देणगीदारांनी आपला पैसा एका सामायिक निधीत टाकला. परंतु तोवर दुसरे संकट येऊन ठेपले होते. शांततेने रस्ते खुले झाले, त्या रस्त्यांनी मालमोटारी, मजूर व परतणारे निर्वासित आले, आणि त्यांच्याबरोबर एड्सचा विषाणूही. २००९ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांपैकी ११.५ टक्के बाधित आढळले. औषधोपचारासाठी आलेला प्रचंड परकीय पैसा पुन्हा बव्हंशी वेगळ्या वाटेने वाहू लागला, आणि २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा त्याचा फटका मोझांबिकच्या रुग्णांना थेट बसला.

तरीही जमाखर्च मांडला तर जमेची बाजू लहान नाही. १९९० मध्ये दर हजार बालकांपैकी सुमारे २४० पाच वर्षांची होण्यापूर्वी दगावत. २०१५ च्या सुमारास हा आकडा ऐंशीच्या आसपास आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि दवाखान्याची पाऊलवाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९१७ नव्हे, २०१७ मध्ये, उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात मोसिंबोआ दा प्राया येथे नव्या बंडाची पहिली गोळी झाडली गेली. पुढील पाच वर्षांत जवळपास दहा लाख माणसे तेथून विस्थापित झाली. दवाखाने पुन्हा जळाले, कर्मचारी पुन्हा जीव घेऊन पळाले. परतणाऱ्या गावकऱ्यांसाठी कोठे बांधावे आणि बांधलेले चालवावयाचे कोणी, हा १९९२ चाच प्रश्न मापुटोच्या आरोग्यखात्यापुढे पुन्हा येऊन उभा राहिला आहे.