'आजीचा चौकोन' : नाव आणि काळ

क्रोशाच्या जाळीदार चौकोनास इंग्रजीत 'ग्रॅनी स्क्वेअर', म्हणजे आजीचा चौकोन, म्हणतात. या नावामुळे तो फार प्राचीन असावा असा समज होतो. छापील पुरावा मात्र निराळा आहे. क्रोशाकामाचे सर्वांत जुने ज्ञात छापील नमुने १८२३ मध्ये 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आले. या चौकोनाचा आरंभीचा नमुना १८८५ साली 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकन शेतकी पत्रात आढळतो. मराठी 'क्रोशा' हेही फ्रेंच 'क्रोशे', म्हणजे लहान आकडी, याचेच रूप होय. हत्याराचे नाव कामास मिळाले.

मग हे 'आजी'पद कशाचे द्योतक मानावे? चौकोनाची रचना पाहता उत्तर सुचते. मध्ये साखळ्यांचे कडे, भोवती तीन-तीन खांबांचे गट, चारही कोपऱ्यांत साखळ्यांची पोकळी. प्रत्येक फेरीस निराळा रंग चालतो. म्हणून उरलेली लोकरही कामी येते आणि असे चौकोन जोडून पांघरूण सिद्ध होते. तात्पर्य, हे नाव काळाचे नव्हे, घरगुती काटकसरीचे सूचक मानणे अधिक सयुक्तिक. ती करणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांच्या श्रमाची खूण म्हणून नात्याचा हा एक शब्द तेवढा उरला आहे.