खांद्यावरची गोष्ट

डिसेंबरातली रात्र. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या आवारात उसानं लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेत उभ्या असतात. आधी वजनकाट्यावर नंबर लागायचा, मग गव्हाणीपाशी माल उतरायचा. मधले तास रिकामे. हवेत मळीचा आंबूस-गोड वास, बैलांच्या पुढ्यात वाढ्याचा भारा. कुणी कानटोपी खाली ओढत बिडी शिलगावतो आणि सुरू करतो, ‘पाटाच्या त्या वळणावर आमच्या चुलत्याला काय दिसलं, माहितीये का?’ त्याचं संपलं की दुसरा म्हणतो, हे काहीच नाही, आमच्याकडचं ऐक. मुंजा होतो, हडळ होते, पाण्यातला गिऱ्हा होतो. मग पुढची गाडी हलते, सगळे उठतात, आणि गोष्ट अर्ध्यावर तुटते.

सिनेमावाले ज्याला ‘हॉरर अँथॉलॉजी’ म्हणतात, ते याहून वेगळं काही नाही. तीन-चार-पाच सुट्या भयकथा, त्यांना बांधणारी एक बाहेरची गोष्ट, आणि हे सगळं दीड-दोन तासांत. स्वस्तातल्या भयपटांचा हा लाडका प्रकार विलायतेतून आला असं बहुतेकांना वाटतं. त्याचं कूळ शोधत गेलं तर पाय थांबतात ते गोदाकाठी, पैठणला.

काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो. राजा ते न बघताच खजिनदाराकडे देतो. एके दिवशी एका माकडानं फळ फोडलं तर आत रत्न निघालं. एवढ्या मोलाच्या भेटीची परतफेड म्हणून भिक्षू काय मागतो, तर मसणातल्या शिंशपा वृक्षावर लटकलेलं प्रेत खांद्यावर घालून आणायचं. त्या प्रेतात वेताळ आहे. वाट सरावी म्हणून तो गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, असा त्याचा धाक. आणि तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर.

या रचनेकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढच्या सगळ्या कथामाळांची परीक्षा इथेच ठरून गेली आहे. मसण एक, झाड एक, माणसं दोन, त्यातलं एक मेलेलं. खर्च जवळजवळ शून्य. तरीही प्रत्येक गोष्टीला किंमत आहे, कारण ती संपली की राजाला तीच अंधारी वाट पुन्हा तुडवायची आहे. ऐकणारा सुरक्षित नाही. आणि शेवटी कळतं की खरा धोका खांद्यावरच्या भुतापासून नव्हताच. भिक्षूला राजाचाच बळी द्यायचा होता, आणि ते सांगून जीव वाचवतो तो वेताळच. म्हणजे बाहेरची गोष्ट ही नुसती दोरी नव्हे. सगळ्यात मोठी भयकथा तीच आहे.

मराठीत या वेताळकथांची पंचविशी छापून आली ती सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या हातून, 1830 साली. मराठी छापील गद्य तेव्हा नुकतं रांगत होतं. वेताळ मात्र इथल्या माणसाला पुस्तकातून भेटावा लागला नाही. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, गोव्यात आमोण्याला त्याचं देऊळ आहे, कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर लावलेला त्याचा धोंडा आहे. दूरदर्शनवर 1985 साली रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ आली. अरुण गोविल राजा, तर सज्जन नावाचे नट पांढऱ्या केसांचा वेताळ. जंगल तेच, झाड तेच, खांद्यावर बसण्याची लकब तीच. दर आठवड्याला आतली गोष्ट तेवढी बदलायची. कमी खर्चात बारा महिने पुरेल अशी ती युक्ती हजार वर्षांपूर्वीच तयार होती.

पडद्यावरच्या माळेचा ठसठशीत नमुना मात्र इंग्लंडचा. ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ 1945 चा. एक वास्तुरचनाकार खेड्यातल्या घरात येतो आणि तिथल्या प्रत्येकाला आपण स्वप्नात पाहिलंय हे त्याला जाणवतं. मग एकेक पाहुणा आपला अनुभव सांगतो. बोलक्या बाहुलीची गोष्ट आजही अंगावर काटा आणते. त्याच चित्रपटातली गोल्फ खेळणाऱ्या दोघांची हलकीफुलकी गोष्ट मात्र बाकीच्यांशेजारी फिकी पडते. अमेरिकेत दाखवताना ती आणि आणखी एक अशा दोन गोष्टी कापल्या, तर बाहेरच्या कथेचाच अर्थ प्रेक्षकांना लागेना. मणी काढला आणि दोरा उसवला.

ही पद्धत पुढे धंद्यात बसवली अ‍ॅमिकस या छोट्या कंपनीनं. 1965 च्या त्यांच्या ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’मध्ये आगगाडीच्या एका डब्यात पाच प्रवासी आणि पत्ते घेऊन भविष्य सांगणारा एक म्हातारा, बस. हिशेब सरळ होता. नट एकाच गोष्टीत असेल तर त्याच्या थोड्या दिवसांचेच पैसे द्यावे लागतात, आणि जाहिरातीवर नाव मात्र पूर्ण मोठ्या अक्षरात झळकतं.

आपल्याकडचा हिशेब रामसे बंधूंना तिकीटबारीनं शिकवला. 1970 च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या त्यांच्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून दरोडा घालतात, असं एक दृश्य होतं. चित्रपट पडला, पण लोक तेवढ्या एका दृश्यासाठी येत होते. यातून धडा घेऊन सगळं कुटुंब सामानासकट महाबळेश्वरला गेलं, तिथेच राहिलं, तिथेच चित्रीकरण केलं, आणि 1972 ला ‘दो गज जमीन के नीचे’ आला. पुढे 1993 पासून त्यांचा ‘झी हॉरर शो’ घराघरांत पोचला. रामसेंच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत भुताच्या जोडीला विनोदी नोकर, दोन गाणी आणि हाणामारी यावीच लागे, कारण अडीच तास भरायचे असत. छोट्या गोष्टीला ही भरताड लागत नाही. माळेचं पहिलं बळ हेच.

दुसरं बळ समजून घ्यायला राम गोपाल वर्मांची निर्मिती असलेला, प्रवाल रामन दिग्दर्शित ‘डरना मना है’ (2003) पुरेसा आहे. त्यातल्या एका गोष्टीत शिल्पा शेट्टी बाजारातून सफरचंदं आणते. टपोरी, लाल, स्वस्त. ती खाणारी माणसं सफरचंदं होऊन जातात. ना दात लावलेलं भूत, ना धूर, ना पडकी हवेली. ही कल्पना दोन तास ताणली असती तर लोक हसले असते, कारण माणूस सफरचंद का होतो याचं उत्तर द्यावं लागलं असतं. पंधरा-वीस मिनिटांत ते कुणी मागत नाही. भीतीला खुलासा मारतो आणि छोट्या गोष्टीला खुलाशासाठी वेळच नसतो. याच चित्रपटाचा दोराही पक्का आहे. रानात गाडी बंद पडलेले मित्र शेकोटीभोवती गोष्टी सांगतात आणि त्यांच्यातला एकेक जण नाहीसा होत जातो. ऐकणारा इथंही सुरक्षित नाही. पैठणचा वेताळ बरोबर ओळखेल, हे आपलंच रक्त.

उणिवाही याच घडणीतून येतात. भीती मुरायला वेळ लागतो, आणि इथं ती मुरते न मुरते तोच गोष्ट संपते. पुढच्या गोष्टीत पुन्हा नवी माणसं, नवं घर, पुन्हा पहिल्यापासून जीव लावायचा. शेवटी धक्का देण्याची सवय तर फार वाईट. तिसऱ्या गोष्टीपर्यंत प्रेक्षक शहाणा होतो आणि भिण्याऐवजी धक्क्याची वाट बघत बसतो. सगळ्यात मोठं दुखणं दोऱ्याचं. नेटफ्लिक्सवर 1 जानेवारी 2020 ला आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर अशी चार मोठी नावं होती, पण गोष्टी एकमेकींशेजारी नुसत्या ठेवलेल्या. बॅनर्जींचं माणसं खाणाऱ्यांचं गाव विसरता येत नाही. बाकीचं फारसं आठवत नाही. पैसा आणि नावं असूनही माळ झाली नाही. म्हणून कमी पैसा हा या प्रकाराचा दोष मानणं चूक आहे. दोष असतो तो आळशी दोऱ्याचा.

मराठी माणसाची ही माळ पडद्यापेक्षा कागदावर जास्त रुजली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं गूढ आणि भयकथांना हक्काचं घर दिलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचे कथासंग्रह गावोगावच्या वाचनालयांत पुठ्ठा सुटेपर्यंत फिरले. मतकरींच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’ या मालिकेतून छोट्या पडद्यावरही आल्या. धारपांच्या कथेतून ठिणगी मिळालेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) सासवडच्या वाड्यात उभा राहिला. तो एकसंध चित्रपट खरा, पण 1918, 1933 आणि 1947 असे त्याचे तीन टप्पे आहेत आणि त्यांना बांधणारा दोरा आहे हाव.

भवानीनगरच्या माणसाला सगळ्यात जवळचा वाटावा असा चित्रपट मात्र विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017). ही माळ नव्हे, एकच गोष्ट आहे. पण थोडक्या पैशात भीती कुठून आणायची याचा तो वस्तुपाठ आहे. सावकारांच्या भीतीनं शहर सोडलेलं जोडपं, बायको गरोदर, आणि लपायची जागा म्हणजे उसाच्या फडामधलं एकटं घर. नेपथ्याचा सगळा भार उसानं उचलला आहे. फडात शिरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, पात्याची धार हाताला आणि गालाला चरचरत जाते, दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, आणि वाळलेलं पाचट वाऱ्यानं वाजलं की पायानं, ते ओळखता येत नाही. रात्री वीज आली म्हणून पाण्याची दारं धरायला एकटा गेलेला शेतकरी हा आवाज जन्मभर ओळखतो. जुन्नरकडे तर उसात बिबट्याची मादीच विते. ‘चकवा’ हे भूत दुसऱ्या कुठल्या पिकात इतकं खरं वाटलं नसतं.

‘लपाछपी’चं भय गर्भाभोवती फिरतं, पोटातच मारलेल्या मुलींभोवती. त्याला इथल्या मातीत आणखी एक भयाण जोड आहे. गाळपासाठी मराठवाड्यातून कोयत्यावर येणारी जोडपी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत अडकलेली असतात, आणि खाडा परवडत नाही म्हणून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं प्रकरण 2019 साली उघड झालं. सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाचटाच्या कोपीत झोपणाऱ्या बाईला हडळीची गोष्ट सांगून कोण भिववणार? भयकथांची मराठी माळ ओवायची तर त्यातला एक मणी तिचा असायला हवा, आणि तो तिच्या बाजूनं सांगितलेला असायला हवा.

बाकी सामान जागेवर आहे. नंबराची रांग हा तयार दोरा आहे. गाड्या पुढे सरकतील तशा गोष्टी बदलतील, सांगणारे बदलतील, आणि शेवटच्या गाडीवाल्याची गोष्ट त्याच रांगेत उभ्या असलेल्या कुणाची तरी निघेल. पाटाच्या पाण्यातला गिऱ्हा, फडातला चकवा, कोपीतली बाई. मोठा सेट नको, परदेशी भूत नको, चार रात्री आणि दहा माणसं पुरतील. ज्या तरुण मराठी दिग्दर्शकांकडे पैसा नाही आणि हौस आहे, त्यांनी हंगामात एकदा बारामती-इंदापूर रस्त्यानं भवानीनगरला यावं. कॅमेरा पहिल्या रात्री गाडीतच ठेवावा, रांगेतल्या माणसांशेजारी बसावं आणि त्यांचं बोलणं आधी पुरतं ऐकून घ्यावं.