ढल परिणामाची कुळकथा

मुदतीत काम संपलेच पाहिजे अशा संगणकाला सरासरी वेग कामाचा नाही. सर्वांत वाईट क्षणीही मुदत पाळली जाईल, अशी सिद्धता लागते. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये ती एका प्रोसेसरसाठी दिली. ठरावीक अंतराने येणारी, पुढच्या फेरीआधी संपवायची स्वतंत्र कामे असतील आणि जवळच्या मुदतीचे काम आधी घेतले, तर शंभर टक्के भारातही मुदत चुकत नाही.

मग दोन प्रोसेसरांवर दुप्पट भार पेलेल? लिऊंनी १९६९ मध्येच खरी अडचण लिहून ठेवली होती: बाकीचे प्रोसेसर रिकामे असले, तरी एक काम एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालते.

ही अडचण किती खोल आहे, ते सुदर्शन ढल आणि लिऊ यांच्या १९७८ च्या निबंधाने दाखवले. दोन प्रोसेसर घ्या. दोन लहान कामे दर १० मिलिसेकंदांनी येतात, प्रत्येकाला २ लागतात. तिसऱ्याची मुदत ११ आणि गरज १० मिलिसेकंदांची. लहान कामांची मुदत जवळची, म्हणून दोन्ही प्रोसेसर आधी त्यांना मिळतात. मोठे काम २ ला सुरू होऊन १२ ला संपते. मुदत हुकली! तीच लहान कामे एका प्रोसेसरवर ठेवली असती, तर सगळे निभावले असते. प्रोसेसर शंभर केले, तरी लहान कामे पुरेशी हलकी निवडून जेमतेम एका प्रोसेसरच्या भारात हीच फजिती घडवता येते. हाच ढल परिणाम.

या उदाहरणानंतर सर्व प्रोसेसरांना मिळून कामांची एकच सामाईक रांग ठेवण्याची पद्धत बरीच वर्षे मागे पडली. प्रत्येक काम एका प्रोसेसरला नेमून द्यायची रीत रुळली. पण प्रत्येकी एका प्रोसेसरचा साठ टक्के वेळ घेणारी तीन कामे दोन प्रोसेसरांत वाटताच येत नाहीत. १९९६ मध्ये संजॉय बरुआ आणि सहकाऱ्यांनी वेळेचे बारीक तुकडे पाडून, प्रत्येक कामाला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात पुढे नेत, पूर्ण क्षमता वापरून दाखवली. त्याची किंमत म्हणजे कामांची सततची अदलाबदल.

मला मोलाचा वाटतो तो २००३ चा गूसन्स, फंक आणि बरुआ यांचा निकाल, कारण त्याने रांगेवरचा आळ काढला. दोष एकट्या जड कामाचा होता. दोन प्रोसेसरांवर कोणतेही काम पन्नास टक्क्यांहून जड नसेल, तर एकूण दीडशे टक्क्यांपर्यंत सामाईक रांगेतही मुदत पक्की. दोन वर्षांनी उमामहेश्वरी देवी आणि जेम्स अँडरसन यांनी सिद्ध केले, की पूर्ण भारातही या रांगेतला उशीर एका मर्यादेपलीकडे जात नाही. २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत जवळच्या मुदतीचा हाच नियम अनेक प्रोसेसरांसाठी दाखल झाला.