ग्रंथींचीं नांवें

शोधांचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो. परंतु शोधलेल्या वस्तूस नांव कसें मिळालें, याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. शरीरांतील अंतःस्रावी ग्रंथींपुरती ती येथें सांगण्याचा विचार आहे. कारण रोग्याच्या हातीं प्रथम पडतें तें नांव. आणि नांवाचा अर्थ चुकला तर पुढें औषधहि चुकण्याचा संभव असतो.

युरोपांत हीं नांवें ज्ञानाच्या आधीं पडलीं. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते. मेंदूंतील कफ तिच्यावाटें नाकांत उतरतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत. म्हणून कफवाचक लॅटिन शब्दावरून ती 'पिट्युइटरी' झाली. गळ्यांतील ग्रंथीला टॉमस व्हॉर्टन या इंग्रज वैद्यानें १६५६ सालीं शेजारच्या ढालीसारख्या कूर्चेवरून 'थायरॉइड' असें नांव दिलें. तिचें कार्य त्यास ठाऊक नव्हतें. मानेस, विशेषतः स्त्रियांच्या मानेस, गोलाई यावी हें त्याला तिचें एक प्रयोजन वाटलें! या ग्रंथी आपला रस थेट रक्तांत सोडतात व तो दूरच्या अवयवास कामाला लावतो, हें पुरतें स्पष्ट होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग यांनीं १९०२ सालीं 'सिक्रेटिन' शोधून काढलें, आणि १९०५ सालच्या व्याख्यानांत स्टार्लिंगनें अशा द्रव्यांस चेतविणें या अर्थाच्या ग्रीक धातूवरून 'हॉर्मोन' ही संज्ञा दिली. आपल्या शालेय पुस्तकांतील 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाचा आहे.

मराठीची स्थिति याच्या उलट होती. गलगंड व मधुमेह हे रोग सुश्रुतसंहितेंत वर्णिलेले असल्यामुळें रोगांचीं नांवें घरचीं होतीं. ग्रंथींचीं मात्र नवीं घडवावीं लागलीं, आणि तीं घडविणारांस ग्रंथींचें कार्य आधींच ठाऊक होतें. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्या कोशानें पिट्युइटरीस 'पोष ग्रंथि' म्हटलें. कफाची जुनी चूक मराठींत उतरली नाहीं, हें बरें झालें. थायरॉइडला मात्र 'अवटु ग्रंथि' हें नांव मिळालें. संस्कृतांत अवटु म्हणजे मानेची मागची बाजू. ग्रंथि तर गळ्याच्या पुढें! ढाल गेली, पण तिच्या जागीं उलट्या बाजूची मान आली.

तथापि शब्दाची खरी परीक्षा कोशांत होत नाहीं. कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्याच कागलच्या परिसरांत आज पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. 'पंचतारांकित' हा शब्द पाटीवर. बोलण्यांत ती 'फाइव्ह स्टार एमआयडीसी'च. तेथला कामगार रक्ततपासणीचा कागद स्वतः वाचूं शकतो. प्रश्न आहे तो अर्थ कळण्याचा. उसाच्या या मुलुखांत कारखान्यांतली ती साखर आणि रक्तांतली ती शुगर. या शब्दानें फारसें अडत नाहीं, कारण आंकडा वाढला म्हणजे साखरच वाढलेली असते. 'थायरॉइड वाढला' या बोलण्यानें मात्र अनर्थ होतो. कागदावर वाढलेला असतो तो बहुधा टीएसएच, म्हणजे पोष ग्रंथीनें थायरॉइडला धाडलेला हुकूम. खात्यांतून माल कमी निघूं लागला कीं वरून तगादा वाढतो, हें गिरणींतल्या माणसास शिकवावें लागत नाहीं. तसाच हा तगादा. तो वाढला याचा अर्थ बहुतेक वेळीं ग्रंथि मंदावली असा असतो, आणि गोळी घ्यावयाची ती तिच्या रसाची उणीव भरून काढण्यासाठीं. हें न कळल्यामुळें, आंकडा उतरतांच 'रोग गेला' असें समजून गोळी सोडणारे आढळतात. कांहीं काळानें थकवा, सुस्ती व अंगाचा जडपणा परत येतो, आणि दोष औषधावर जातो.

तेव्हां शब्द संस्कृत असावा कीं इंग्रजी, हा वाद दुय्यम होय. 'थायरॉइड' मराठींत रुळला आहे. त्याला हुसकून लावण्याचें कारण नाहीं. मात्र 'थायरॉइड वाढला' असें म्हणण्याऐवजीं 'थायरॉइड मंदावला, म्हणून तगादा वाढला', एवढें जरी वैद्यानें व घरच्यांनीं म्हटलें, तरी गोळी रोज कां घ्यावयाची हें रोग्यास निराळें सांगावें लागणार नाहीं. व्हॉर्टनला ग्रंथीचें काम ठाऊक नव्हतें, म्हणून त्यानें शेजाऱ्यावरून नांव दिलें. आपणांस तें ठाऊक आहे. तें नांवांत आलें नाहीं, तरी निदान वाक्यांत यावें.