सर्पगंधेने शिकवलेला उलटा धडा

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. त्या काळी अशा संस्थांत उपचारांपेक्षा बंदोबस्तच अधिक असे. उदासीनता हा स्वभावदोष की शरीराचा आजार, या प्रश्नाला जैविक उत्तर मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. मी डॉक्टर नाही, जुने संदर्भ वाचत बसणारा माणूस आहे. त्या उत्तराचा माग काढताना मी पोहोचलो तो सह्याद्रीच्या रानातही उगवणाऱ्या सर्पगंधेपाशी.

हिची मुळी वेडावर देण्याची प्रथा आपल्या देशात जुनी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले.

मग एक विपरीत गोष्ट दिसली. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. १९५५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की हे औषध शरीरातील सिरोटोनिनचा साठा रिकामा करते. उलट, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांना तरतरी येई, आणि ते अशा द्रव्यांचे विघटन रोखत असे. या दोन निरीक्षणांतून तर्क निघाला: उदासीनता म्हणजे मेंदूतील रसायनांची उणीव.

तर्क आकर्षक होता, पण अपुरा. १९५५ सालीच लंडनमधील एका चाचणीत चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रिसर्पिनचा फायदाच झालेला दिसला. शिवाय उदासीनतेवरील गोळी मेंदूतील रसायनांवर काही तासांतच काम सुरू करते, मन सावरायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. नुसती उणीव भरून काढायची असती, तर एवढा काळ कशाला लागला असता? आनुवंशिकता, दीर्घ ताण, थायरॉइडचे विकार, भोवतालची परिस्थिती, असे अनेक धागे यात गुंतलेले असतात. म्हणून औषधाच्या जोडीला समुपदेशन लागते. आजार तीव्र असेल, तर भूल देऊन केलेले विद्युत उपचारही उपयोगी पडतात.

हा इतिहास आज घराघरांत कामाचा आहे. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणारे चुकतात, तसेच 'एक रसायन कमी पडले' म्हणणारेही. आणि आठव्या दिवशी 'काही गुण नाही' म्हणून गोळी परस्पर बंद करणारा माणूस, गुण यायच्या आधीच उपचार सोडतो.