न्यूझीलंडची भूमि आणि परके खरेदीदार

जमीन कोणास विकावी, हा प्रश्न न्यूझीलंडच्या बेटांवर नवा नाहीं. ६ फेब्रुवारी १८४० रोजीं वैतांगी येथें माओरी सरदार आणि राणी व्हिक्टोरियाचें सरकार यांत करार झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यान्वयें माओरींची जमीन विकत घेण्याचा हक्क केवळ सरकारचा ठरला. सट्टेबाजांपासून रक्षण, असें कारण सांगण्यांत आलें. पण सरकार ती स्वस्तांत घेई व वसाहतवाल्यांस महाग विकी. १८६२ सालीं तोही निर्बंध उठला. पुढें खरेदी व जप्ती यांनीं माओरींची बहुतेक भूमि गेली.

त्याच वसाहतवाल्यांच्या वंशजांपुढें कालांतरानें तोच प्रश्न उभा राहिला. ऑकलंडमध्यें घरें दुर्मिळ व महाग झालीं. ऑगस्ट २०१८ मध्यें संमत झालेल्या कायद्यानें बहुतेक परदेशीयांस तेथील बांधलेलीं घरें घेण्याची मनाई केली. ऑस्ट्रेलिया व सिंगापूर यांचे नागरिक तेवढे करारांमुळें वगळले गेले. टीकाकार म्हणत, एकंदर विक्रींत परदेशीयांचा वाटा सुमारें ३ टक्के. मग मनाईनें काय साधणार? समर्थकांचें उत्तर असें कीं, मध्य ऑकलंडमध्यें तो कितीतरी अधिक आहे.

पुढें व्याजाचे दर उतरले आणि मनाई असूनही २०२१ पर्यंत किंमती भडकल्या. २०२५ सालीं सरकारनें मोठ्या गुंतवणूकदारांस ५० लाख डॉलर वा अधिक किंमतीच्या घरापुरती सवलत जाहीर केली.

दार लावल्यानें नवीं घरें उभीं राहत नाहींत, हें खरें. परंतु ज्यांची ही भूमि प्रथम होती, त्या माओरींत स्वतःचें घर असणारांचें प्रमाण आजही देशाच्या सरासरीहून कमी आहे. परका कोण, हा वाद त्यांच्यापुरता १८४० पासूनच चालू आहे.