दरडोई उत्पादन : मॉरिशस, सेशेल्स आणि पनवेल

* ‘दरडोई उत्पादन’ म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या हद्दीत वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांच्या मूल्याला तेथील रहिवाशांच्या संख्येने भागून येणारी सरासरी. ती रहिवाशांच्या हाती पडणारी मिळकत नव्हे, आणि हा भेद लहान प्रदेशांत विशेष ठळक होतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये राहतात, तेथील लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे, तर सेशेल्सची लाखाच्या थोडी वर. त्यामुळे सेशेल्समध्ये पर्यटनाचा एखादा हंगाम चांगला गेला तरी सरासरी लगेच उसळते, शिवाय पर्यटक उत्पादनात भर घालतो पण भाजकात धरला जात नाही, आणि परक्या मालकाने मायदेशी नेलेला नफाही या आकड्यातून वजा होत नाही (अशी देवघेव हिशेबात घेतल्यावर येते ते ‘राष्ट्रीय उत्पन्न’). पनवेलच्या वाचकाला हे कोडे परके नाही : १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर आणि तळोज्याचे कारखाने यांचे उत्पादन रायगड जिल्ह्याच्या खात्यावर पडते, मग त्यांचे मालक कुठेही राहोत, उलट हार्बर मार्गाने रोज मुंबईला जाणाऱ्या पनवेलकराच्या कामाचे मूल्य तत्त्वतः मुंबईच्या खात्यावर. बेटाला निदान समुद्राची सीमा असते, तालुक्याला तीही नाही. म्हणून या प्रकरणातील जिल्ह्याच्या आकड्यांवरून, २०१६ साली महानगरपालिका झालेल्या पनवेलच्या सुबत्तेचा अंदाज वाचकांनी बांधू नये. — संपादक